सहा फुटी सातूकाका

आधीच सांगून ठेवतो, भुतं, आत्मे, दृष्टांत, अंगात येणं... यातल्या कशाशीच माझा कधी घरोबा नव्हता. कुडाळपासून जरा आत आमचं गाव. तिथल्या ज्या चिंचेखालून जायला मोठमोठे बाप्ये घाबरायचे, त्याच चिंचेखाली मी खाट टाकून दुपारभर झोपायचो. तिथली हडळ म्हणे माझं घोरणं सहन न होऊन शेजारच्या गावी राहायला गेली. त्या गावातले लोक अजून माझ्या नावाने बोटं मोडतात.

तर असा मी. पण तुमचे सगळ्यांचे अनुभव वाचता वाचता वाटलं, आपलाही एक सांगून टाकावा. तीस वर्षं उलटून गेली, डोकं खाजवून खाजवून केस गेले, तरी उलगडा झालेला नाही. जागा सांगतो त्याच होत्या, घडलं सांगतो तसंच. माणसांच्या बाबतीत... ते पुढे बोलू.

साल १९९०. मी कुवेतला, जाब्रियातल्या एका हॉस्पिटलमध्ये एसी मेंटेनन्सला होतो. हसू नका. कुवेतच्या उन्हाळ्यात सर्जनने हात वर केले तर पेशंट दुसऱ्या सर्जनकडे जातो. मी हात वर केले तर सर्जनच ऑपरेशन टाकून बाहेर येतो. बनेद अल-गारला दोन खोल्यांचा फ्लॅट, मी आणि बायको सुनंदा. तिचा धाकटा भाऊ बबन जलीबला बॅचलर रूममध्ये राहायचा, शटरिंगचा सुतार. शुक्रवारी आमच्याकडे मासे खायला यायचा आणि एकट्याने आख्खा टोप संपवून जायचा.

त्या वर्षी आपल्या लोकांच्या स्नेहभोजनात सोडत होती. तिसरं बक्षीस मिक्सर. सुनंदाने त्या मिक्सरसाठी ओट्यावर जागासुद्धा करून ठेवली होती. आणि मला लागलं पहिलं! एका ट्रॅव्हल एजन्सीने ठेवलेलं, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात गाइडसह ट्रेक, एका माणसाचा. उंच डोंगरातून चालत चालत इंका लोकांच्या जुन्या ओसाड नगरापर्यंत.

सुनंदा म्हणाली, "पयलो नंबर कशाक लावन घेतलास? तिसरो लावन घेवचो होतो!"

मिक्सरवाल्याला मी अदलाबदल करतोस का विचारलं. तो नुसता हसला. शेवटी जूनमध्ये रजा टाकून निघालो.

कुस्कोहून पुढे आमची वेगवेगळ्या देशांतली मंडळी, एजन्सीची रोसा नावाची इंग्रजी बोलणारी मुलगी, आणि सगळ्यांच्या पुढे वाटाड्या सातुर्नीनो. मी पहिल्याच दिवशी त्याचा सातूकाका केला. काय माणूस! सहा फूट उंच, छाती म्हणजे लोखंडी कपाट, मिशा अशा की दोन्ही टोकांना ओले टॉवेल वाळत घालावेत. आवाज दिला की समोरच्या डोंगरावरचा बर्फ खाली यायचा. हातात लोखंडी टोकाची काठी. तिथली हवा इतकी विरळ की बरोबरचे गोरे दर वळणावर बसकण मारत होते. मी आणि सातूकाका आपले पुढे, गप्पा मारत. तो त्याच्या भाषेत, मी माझ्या.

काठीची त्याची एक रीत होती. त्या डोंगरात ढग असे अचानक अंगावर येतात की स्वतःचे बूट दिसत नाहीत. मग तो पुढे राहून दगडावर काठी वाजवायचा. दोनदा ठक्-ठक् म्हणजे या. एकदा ठक् म्हणजे थांबा. बस, एवढंच. आवाजाच्या मागे मागे आम्ही.

सगळ्यात उंच खिंडीत दगडांची एक रास होती, माणसाच्या उंचीची. वाटसरू खालून एकेक दगड आणतात आणि तिथे ठेवतात. सातूकाकाने कोकाची पानं हातात धरून त्यांच्यावर फुंकर मारली, डोंगराला दाखवली, राशीवर ठेवली. आता मी कोकणातला माणूस. राखणदाराची जागा मला कोणी दाखवून द्यावी लागत नाही. टोपी काढली, हात जोडले आणि खणखणीत गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या डोंगराच्या राखणदारा! आज कोकणातला एक लेकरू कुवेतमार्गे तुझ्या पायाशी इलेला असा, रे म्हाराजा!"

आणि थांबलो. कारण गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला मागच्या लोकांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. त्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही. आता त्या खिंडीत 'व्हय म्हाराजा' कोण म्हणणार? गोरे फोटो काढत होते. मी आपला हात जोडून उभा... आणि शेजारून आवाज आला, ठक्-ठक्.

सातूकाका. त्याला एक अक्षर कळलं नसणार, पण इथे कोणीतरी होकार द्यायचा असतो एवढं कळलं. मी पुढची ओळ म्हटली, "माझी बायल सुनंदा बनेद अल-गारात ऱ्हवता, तिचो भाव बबन जलीबात ऱ्हवता, तेंका सांभाळ, रे म्हाराजा!" ठक्-ठक्. "वाट चुकली तर वाटेर हाड, रे म्हाराजा!" म्हणजे वाटेवर आण. ठक्-ठक्.

गाऱ्हाणं झालं की प्रसाद. नारळ कुठला तिथे? मी त्या राशीतलाच एक दगड उचलला, काळसर, लिंबाएवढा. कपाळाला लावला आणि खिशात टाकला.

सातूकाका बघतच राहिला. मग इतका हसला की डोळ्यांतून पाणी. रोसाला काहीतरी म्हणाला.

रोसा म्हणाली, "अहो, लोक इथे आपला थकवा दगडात घालून ठेवून जातात. तुम्ही कोणाचा तरी थकवा उचलून निघालात. म्हणतोय, एवढ्या लांब न्यायचाय तर न्या. पण तो इथला आहे. मला तो परत न्यायला यावं लागेल."

मी म्हटलं, "येऊ दे की. कुवेतला आला तर माशाची आमटी खाऊ घालतो." तिने ते त्याला सांगितलं. त्याने मान हलवली, अगदी गंभीरपणे.

पुढे उतार. इंकांनी बांधलेल्या दगडी पायऱ्या, ओल्या, एका बाजूला कडा, आणि वरून ढग उतरला. ठक्-ठक् ऐकत मी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली आलो. संध्याकाळच्या आत ते नगर दिसलं. भिंतीतल्या दगडांत ना चुना ना माती, पण सांध्यात सुरीचं पातं जाणार नाही. आमच्याकडचा चिरे बसवणारा गवंडी तिथे असता तर त्याने थापी खाली ठेवून नमस्कार केला असता. मी बराच वेळ एका पायरीवर नुसता बसून राहिलो. एवढी शांतता मी आयुष्यात त्याआधी ऐकली नव्हती.

परत आलो. दगड देवघरात ठेवला, हळदकुंकू लावलं. सुनंदा म्हणाली, "मिक्सर नाय तो नाय, पेरूसून धोंडो घेवन इले." पण रोज फूल वाहायची.

ऑगस्टमध्ये काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. एका सकाळी उठलो तर रस्त्यावर इराकचे रणगाडे. बबनचा पासपोर्ट त्याच्या कफीलकडे, म्हणजे मालकाकडे, आणि मालक कुटुंबासह देशाबाहेर. जलीबमध्ये राहणं कठीण झालं तेव्हा मी त्याला आमच्याकडे आणलं. पुढे बगदादमार्गे अम्मानला आणि तिथून विमानाने मुंबईला, अशी आपली माणसं जायला लागली तेव्हा शेजाऱ्यांसोबत सुनंदाला बसमध्ये बसवलं. कागद नसलेल्या बबनला न्यायला कोणी तयार नव्हतं, आणि त्याला एकटा टाकून मी जाणार नव्हतो.

बसच्या खिडकीतून ती रडली बिडली नाही. एवढंच म्हणाली, "बबनाक घेवनच येवा. एकटे इलास तर दार उघडूचंय नाय." म्हणजे उघडणार नाही. आणि ती म्हणते ते करते.

ते सगळे महिने आम्ही दोघं त्या फ्लॅटमध्ये. दिवसा मी हॉस्पिटलमध्ये, तो घरी. संध्याकाळी खुबूस, म्हणजे तिथली रोटी, आणि डाळ. टीव्हीवर बघण्यासारखं काही नाही, बाहेर जायची सोय नाही. मग मी त्याला ट्रेक सांगायचो. रोज. बबन पाय पसरून ऐकायचा आणि मध्येच टोकायचा.

"भावजी, परवा सातूकाका सहा फुटी होतो. आज साडेसहा झालो."

"डोंगरातली हवा चांगली असते रे."

सैन्य गेलं तेव्हा जाता जाता तेलविहिरी पेटवून गेलं. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना कसं सांगू... दुपारी दिवे लावावे लागायचे. वारा उत्तरेचा असला की ऊन, फिरला की काळोख. दोरीवरचं धोतर काळं होऊन लुंगी बनायचं.

मार्चमध्ये आमची जायची तयारी सुरू झाली. बबनचे नवे कागद झाले. आणि मग तो अडून बसला. त्याची हत्यारांची पेटी कंपनीच्या यार्डात राहिली होती, दक्षिणेला, अहमदीच्याही पुढे. त्यात त्याच्या वडिलांचा रंधा आणि पटाशी.

मी म्हटलं, "गावी नवा घेऊन देतो. दोन घेऊन देतो!"

"बापाशीचो हात लागललो रंधो असा तो, भावजी. तो इकत गावता?"

हॉस्पिटलची पिकअप मागून घेतली. निघताना काय मनात आलं कोण जाणे, देवघरातला दगड उचलला, डॅशबोर्डला कुंकवाचं बोट लावून त्यावर ठेवला. सकाळ स्वच्छ होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळूत काय काय पुरलेलं असेल याचा नेम नव्हता, त्यामुळे डांबर सोडायचं नाही, एवढं सगळ्यांनी बजावलं होतं.

यार्डात पेटी मिळाली. बबन लहान मुलासारखा खूश. ती उचलून परत येताना जळालेल्या शेडचा पत्रा वरून सुटला आणि त्याच्या मांडीत घुसला. रक्ताची धार लागली. मी कमरेचा पट्टा काढून वरच्या बाजूला करकचून आवळला, त्याला पुढच्या सीटवर बसवलं, पेटी मागे टाकली आणि गाडी सोडली. एकच गोष्ट डोक्यात होती, जाब्रिया.

आणि वारा फिरला.

भर दुपारी, बघता बघता, कोणीतरी पिंप पालथं करावं तसा काळोख. वरून तेलाचे थेंब. वायपर लावला आणि तिथेच घोटाळा झाला. समोरची काच डांबर फासल्यासारखी झाली. फडक्याने पुसली तर आणखी पसरलं. डोकं बाहेर काढून पाहिलं तर डोळे झोंबले, बंद झाले. रस्ता कुठे संपतो, वाळू कुठे लागते, काही कळेना. थांबलो तर बबन जातो, चाललो तर दोघं.

"भावजी," तो म्हणाला, "झोप येता माका."

"झोपायचं नाही! बोलत राहा. शिव्या घाल मला."

त्याने घातलीही एक, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा. मी, ज्याच्या घोरण्याने हडळ पळाली तो मी, स्टिअरिंग धरून बसलो होतो आणि क्लच सोडायचं धाडस होत नव्हतं. मग तोंडातून आपोआप आलं... मोठ्याने नाही, पुटपुटत.

"बा देवा म्हाराजा... कोणचो राखणदार हय असा माका ठावक नाय... हेका सांभाळ, रे म्हाराजा."

आणि पुढून आवाज आला.

ठक्-ठक्.

डांबरी रस्त्यावर काठी तशी वाजत नाही. तो दगडावरचा आवाज होता. लोखंडी टोक, ओला दगड.

मी म्हटलं, "वाटेर हाड, रे म्हाराजा."

ठक्-ठक्. जरा पुढून.

घाबरलो का? अजिबात नाही. ही गोष्ट मलाही विचित्र वाटते. त्या पायरीवर बसलो होतो तेव्हासारखं सगळं शांत झालं. पहिला गिअर टाकला आणि आवाजाच्या मागे गाडी हळूहळू न्यायला लागलो. मला काचेतून काही, काही दिसत नव्हतं. फक्त ऐकत होतो. एका ठिकाणी एकदाच वाजलं, ठक्. ब्रेक दाबला. मग ठक्-ठक् डावीकडून आलं. डावीकडे म्हणजे वाळू असणार... तरी मी गाडी डावीकडे घेतली. थोडं जाऊन पुन्हा उजवीकडे. चाकाखाली डांबर लागलं.

असे किती वेळ गेलो, सांगता येत नाही. काळोख राखाडी झाला, मग पिवळा, आणि एकदम ऊन. समोर रस्ता. काठीचा आवाज नाही. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून, अ‍ॅक्सिलरेटरवर उभा राहून जाब्रिया गाठलं.

बबन वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हात टेकले असते. त्याला आत नेल्यावर मी गाडीत येऊन बसलो, तेव्हा लक्षात आलं. डॅशबोर्डवर दगड नव्हता. कुंकवाचं गोल बोट तेवढं होतं. सीटखाली, मॅटखाली, स्ट्रेचर नेलं त्या वाटेवर, सगळीकडे शोधला. नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या दिवशी बबन शुद्धीवर आला. बिछान्यावर पडल्या पडल्या मला विचारतो, "भावजी, तो म्हातारो खय गेलो?"

"कोण म्हातारो?"

"आमच्या फुड्यात चलत होतो तो. तुमी त्याच्याच मागसून गाडी घेतलास ना?"

त्याच्या बाजूची काच कधीच फुटलेली होती, तो त्या खिडकीवर डोकं टेकून होता. त्याला गाडीच्या दिव्यांच्या उजेडात कडेकडेने दिसत होतं.

मी म्हटलं, "सातूकाका?"

बबन हसला. टाके पडलेले, तरी हसला. "खुळे झालास काय? सातूकाका सहा फुटी, मिशीवालो. ह्यो इतकुसो. तुमच्या खांद्याकसुद्धा लागाचो नाय. एक खांदो खाली, कान झाकणारी लोकरीची टोपी, पायात टायराच्या चपला. मिशी नाय. आणि सारखो मागे वळान हात असो करी..."

त्याने हात पुढे केला. पंजा उताणा नाही, पालथा. आणि हवेला दोनदा थोपटलं. हळू, हळू.

आता वाचकहो, तुमचंही एक देणं आहे ते देतो. वर जो मिशाळ पहाड तुम्हाला दाखवला, तसा कोणी नव्हता. खरा सातुर्नीनो माझ्या खांद्याला लागत नव्हता. एक खांदा खाली. हनुवटीवर चार पांढरे केस. आवाज इतका बारीक की रोसालासुद्धा वाकून ऐकावं लागायचं. पायात जुन्या टायरच्या चपला. आता तुम्हीच सांगा, अशा म्हाताऱ्याने मला डोंगर दाखवला हे शुक्रवारच्या जेवणावळीत सांगून कोण ऐकणार? मी विमानातच त्याला सहा फुटी केला होता. सुनंदालाही तोच सांगितला, बबनलाही तोच.

आणि त्या पायऱ्या... उड्या मारत नव्हतो उतरलो. कडा बघितला आणि खालीच बसलो. ढगातून, बसून, एकेक पायरी ढुंगणावर सरकत, डोळे मिटून उतरलो. मध्ये मध्ये डोळे उघडले की तो समोर मागे वळून उभा असायचा आणि पालथ्या पंजाने हवा थोपटायचा. हळू, हळू. हे मी कोणाला सांगेन? कोणाच्या बापाला सांगितलं नव्हतं.

आठवड्याने, ऊन असताना, मी हॉस्पिटलच्या एका ड्रायव्हरबरोबर तिथून गेलो. रस्त्याच्या परतीच्या बाजूला एका जागी बॉम्बचा खड्डा होता, पिकअप सहज मावेल असा. त्याला डावीकडून वळसा घालून गेलेले आमच्या टायरचे ठसे तेलकट वाळूत स्पष्ट उमटलेले होते. पावलांचे नव्हते.

एप्रिलमध्ये आम्ही दोघं गावी पोचलो. सुनंदाने दार उघडलं. आधी मागे बबन आहे ना ते बघितलं, मग मला आत घेतलं. त्या रात्री माशाच्या आमटीला तिने तीन नाही, चार पानं मांडली. चौथं कोणासाठी, मी विचारलं नाही. बबनने तिला काय काय सांगितलं होतं, तेही नाही.

डोकं लढवायचं म्हणून पुष्कळ लढवलं. दगड कुठेतरी पडला असेल. रक्त गेलेल्या माणसाला काहीही दिसतं. ठक्-ठक् इंजिनाचं असेल. आयुष्यभर मशीनचे आवाज ऐकले आहेत, तसं इंजिन मला माहीत नाही, पण असेल. उरतो तो म्हातारा, आणि तो हात. एकच वाट शिल्लक होती. एवढे महिने एका खोलीत झोपलो, कधीतरी झोपेत माझ्या तोंडून खरं निघून गेलं असेल आणि बबनच्या डोक्यात राहिलं असेल.

परवा त्याच्या कारखान्यात गेलो होतो. बापाच्या रंध्याने फळी साफ करत होता. मांडीमुळे अजून जरा फरफटत चालतो. इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं, "बबन, खरं सांग. कुवेतला मी झोपेत कधी सातूकाकाबद्दल बोललो होतो?"

रंधा थांबवून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"रोज, भावजी," तो म्हणाला. "पण झोपेतसुद्धा तुमी तेका सहा फुटीच सांगी होतास."